तालुक्याची चौकट आणि गावाचा इतिहास : भोकरच्या निमित्ताने गॅझेटियर-पद्धतीचे परीक्षण

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात गाव, परगणा, तालुका, जिल्हा हे शब्द इतक्या सहजपणे योजले जातात की, त्यांपैकी प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे ही गोष्ट अभ्यासकाच्या नजरेआड होते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी प्रबंधासाठी विषय निवडताना 'अमुक तालुक्याचा इतिहास' असे शीर्षक घेतो, सातवाहनांपासून आरंभ करतो आणि १९४८ पर्यंत येऊन थांबतो. ज्या तालुक्याचा तो इतिहास लिहितो तो तालुका या संपूर्ण कालखंडात बहुधा अस्तित्वातच नसतो. हा दोष विद्यार्थ्याचा नाही. तो त्याच्या आधारग्रंथाचा आहे. मराठवाड्यातील लहान गावांविषयी काही शोधू जाता हाताशी प्रथम येते ते गॅझेटियर, आणि पुष्कळदा शेवटीही तेच हाती राहते. गॅझेटियरने गावाचा इतिहास ज्या रीतीने मांडला त्या रीतीचे परीक्षण यास्तव आवश्यक ठरते. नांदेड जिल्ह्यातील भोकर हे गाव या परीक्षणास विशेष सोयीचे आहे. त्याला नांदेडप्रमाणे गुरुद्वारा नाही, कंधारप्रमाणे किल्ला नाही, माहूरप्रमाणे रेणुकेचे पीठ नाही. म्हणजे गॅझेटियरला ज्याविषयी लिहिणे सोपे जाते असे त्यात फारसे काही नाही.

मराठवाड्याच्या वाट्याला गॅझेटियर उशिरा आले. मुंबई इलाख्यात जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेका जिल्ह्यावर जाड ग्रंथ निघाले. वऱ्हाडासाठी लायल यांचे गॅझेटियर १८७० मध्येच सिद्ध झाले होते. नाशिक, नगर किंवा सोलापूर यांच्या सीमेपलीकडे मात्र निजामाचे राज्य लागे, आणि तेथे ही मालिका थबके. सय्यद हुसेन बिलग्रामी आणि विल्मॉट यांचा १८८३-८४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेला ग्रंथ संपूर्ण संस्थानाचे वर्णन करतो. त्यात एकेका गावास जागा किती मिळणार हे उघडच आहे. पुढे इंपीरियल गॅझेटियरच्या प्रांतिक मालेत १९०९ मध्ये हैदराबाद संस्थानाचा एक खंड निघाला. स्वतंत्र असे नांदेड जिल्ह्याचे गॅझेटियर महाराष्ट्र शासनाने १९७१ मध्ये प्रकाशित केले, तेही इंग्रजीत. म्हणजे रत्नागिरीच्या किंवा पुण्याच्या अभ्यासकाला एकोणिसाव्या शतकातील एक सविस्तर थर हाताशी मिळतो आणि त्यावर विसाव्या शतकाचा थर चढवता येतो. नांदेडच्या अभ्यासकाला मधली पायरीच नाही. त्याला १९०९ च्या चार ओळींवरून एकदम १९७१ च्या ग्रंथावर उडी घ्यावी लागते.

१९०९ च्या खंडातील तालुक्याच्या नोंदीचा साचा ठरलेला आहे. क्षेत्रफळ, १९०१ ची लोकसंख्या, जहागिरी धरून, १८९१ च्या लोकसंख्येशी तुलना, गावांची संख्या, पैकी जहागिरी किती, जमीन-महसूल, शेवटी मातीचा रंग व कस. या सहा-सात वाक्यांत तालुका संपतो. दुष्काळाच्या फटक्याने दोन गणनांमध्ये पडलेला फरक तेवढा एखाद्या वाक्यात मानवी व्यवहाराची चाहूल देतो. या नोंदीवर अपुरेपणाचा आक्षेप घेणे व्यर्थ आहे, कारण ती पुरेशी असावी असा तिचा हेतूच नव्हता. ध्यानात घेण्याजोगे आहेत ते 'जहागिरी धरून' हे दोन शब्द. हैदराबाद संस्थानाचे सुमारे तीन-पंचमांश क्षेत्रच दिवाणी, म्हणजे सरकारच्या थेट महसुलाखाली होते. उरलेले सर्फ-ए-खास, पायगा आणि जहागिरी यांत वाटलेले होते, आणि मोठ्या जहागिरींत महसुलाची, कित्येक ठिकाणी न्यायाची व पोलिसांचीही व्यवस्था निराळी असे. नकाशावर तालुका एका रंगाने दाखवता येतो. जमिनीवर तो चाळणीसारखा होता. एका गावाचा सारा तहसीलदाराकडे जाई, शिवेपलीकडच्या गावाचा जहागीरदाराच्या कारभाऱ्याकडे. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाले आणि त्याच वर्षी जहागिरी नष्ट करण्याचा कायदा झाला. मराठवाड्यातील तालुका हा सलग भूप्रदेश या अर्थाने त्यानंतरच अस्तित्वात आला असे म्हणणे प्राप्त होते. ज्या वस्तूचे वय पाऊणशे वर्षांच्या थोडे पुढे आहे तिला दोन हजार वर्षांचा इतिहास देण्यात गॅझेटियरने आणि गॅझेटियरच्या आधाराने लिहिणाऱ्यांनी जो उत्साह दाखवला आहे, तो तपासून पाहणे म्हणूनच भाग पडते.

शब्दांचीही गोष्ट अशीच. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, तीपूर्वी 'तालुकदार' हा बहुधा महसुलाचा मक्ता घेणारा इसम असे. जिल्हाबंदीनंतर तोच शब्द पगारी अधिकाऱ्याला लागला. पण तो तालुक्याच्या नव्हे, जिल्ह्याच्या. अव्वल तालुकदार म्हणजे जिल्ह्याचा प्रमुख, इलाख्यातील भाषेत कलेक्टर. तालुक्याचा प्रमुख तहसीलदार. शब्दाच्या उघड व्युत्पत्तीवर विसंबून जो 'तालुकदार' म्हणजे तालुक्याचा अधिकारी असे समजेल, तो एका जिल्हाधिकाऱ्याची कारकीर्द एका गावाच्या इतिहासात बसवून मोकळा होईल. फसली सनाची अडचण याहून अधिक आहे. हैदराबादचा फसली सन ऑक्टोबराच्या प्रारंभी सुरू होई आणि त्याच्या महिन्यांना आझर, दै, बहमन अशी फारसी नावे होती. फसली १३५८ म्हणजे सरसकट १९४८ नव्हे, १९४९ ही नव्हे. महिना पाहिल्यावाचून इसवी सन सांगताच येत नाही. जहागिरी नष्ट करण्याचा कायदा याच १३५८ फसलीचा आहे आणि तो पडतो १९४९ मध्ये. स्थानिक लेखनात एकाच घटनेची दोन वर्षे आढळतात, तेथे पुष्कळदा मतभेद नसतो. बेरीज चुकलेली असते.

जिल्हा ही कल्पना एकोणिसाव्या शतकाची असली, तरी भूभागाचे कारभारासाठी विभाग पाडणे ही कल्पना जुनी आहे, आणि याबाबतीत नांदेडचा प्रदेश पुराव्याने श्रीमंत आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. तेथील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील वाशीम ताम्रपटात नांदीकड या प्रदेशाच्या उत्तर मार्गातील एक गाव दान दिल्याचा उल्लेख आहे. 'मार्ग' हा येथे रस्त्याचा वाचक नसून विभागाचा वाचक आहे, आणि नांदीकड म्हणजे नांदेड हे समीकरण विद्वानांनी स्वीकारलेले आहे. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात नांदेडच्या नावाचा एक मुलूख होता, त्याला उत्तरेचा पोटविभाग होता आणि त्याचा कारभार वाशीमहून चाले. आज वाशीम विदर्भात आहे, नांदेड मराठवाड्यात. पुढे मोगल काळात, १६३६ च्या सुमारास, दक्षिणेतील मुलुखाचे चार सुभे करण्यात आले: दौलताबाद, खानदेश, वऱ्हाड आणि तेलंगण. यांपैकी तेलंगण सुभ्याचे ठाणे नांदेड होते. काही दशकांतच हा सुभा बीदरच्या सुभ्यात मिसळून गेला. नांदेड हे तेलंगणाचे मुख्य ठिकाण होते, हे वाक्य आज मराठी वाचकाला खटकते आणि तेलुगू वाचकाला सुखावते. दोन्ही प्रतिक्रिया गैरलागू आहेत. मोगल दप्तरात 'तेलंगण' हे सुभ्याचे नाव आहे, भाषेचे नव्हे. परंतु एवढे खरे की, नांदेडचा पूर्वभाग हा कोणत्या एका भाषिक मुलखाचा कडेचा तुकडा नसून दोन-तीन मुलखांच्या मधला रहदारीचा पट्टा होता. भोकर या पट्ट्यात बसते.

या पट्ट्याला 'सीमाभाग' हे रूप १९५६ ने दिले. राज्यपुनर्रचना कायद्याने हैदराबाद संस्थानाचे तीन वाटे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. ते कोणत्या मापाने केले याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. जनमानसात समजूत अशी की, जिल्हे वाटले गेले. औरंगाबाद, परभणी व उस्मानाबाद यांच्याबाबतीत ती बरोबर आहे. बीदरच्या बाबतीत तालुके वाटले गेले: अहमदपूर, निलंगा व उदगीर मुंबई राज्यात आले. नांदेडच्या बाबतीत कायदा त्याहून खाली उतरतो. नांदेड जिल्हा मुंबई राज्यास, परंतु देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे वगळून. उलट आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर हे एक मंडळ घेऊन. मंडळ म्हणजे गिरदावराचे सर्कल, काही डझन गावांचा गट, एका कनिष्ठ महसुली कर्मचाऱ्याच्या फिरतीची हद्द. ही हद्द आखताना भाषा, बाजार किंवा इतिहास यांपैकी कशाचाही विचार झालेला नव्हता. गिरदावराला पिकाची पाहणी किती गावांत करता येईल, एवढाच प्रश्न होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्याच रेषेवर दोन राज्यांची सरहद्द उभी राहिली.

याचे परिणाम शेजाऱ्यांच्या नशिबावरून मोजता येतात. मुधोळ तालुक्याची तीन मंडळे आंध्रात गेली आणि आदिलाबाद जिल्ह्यास जोडली गेली. तालुक्याची राहिलेली गावे नांदेड जिल्ह्यात उरली, पण त्यांचे तालुक्याचे गाव परराज्यात गेले होते, म्हणून ती शेजारच्या तालुक्यांत सामावली गेली. गोदाकाठचे बासर हे सरस्वतीचे क्षेत्र मुधोळबरोबर गेले. धर्माबादहून तेथे जाणारा यात्रेकरू पूर्वी एका जिल्ह्यात फिरत होता. तो आता राज्य ओलांडून जातो. आंध्रात १९८५ मध्ये तालुके मोडून लहान मंडळे स्थापन झाली. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी तेथे नवे जिल्हे झाले तेव्हा मुधोळ, भैंसा व कुबेर निर्मल जिल्ह्यात आणि बिचकुंदा व जुक्कल कामारेड्डी जिल्ह्यात गेले. साठ वर्षांत भैंसा या गावाचे नांदेड, आदिलाबाद व निर्मल असे तीन जिल्हे झाले आणि हैदराबाद, आंध्र व तेलंगण अशी तीन राज्ये झाली. राजुऱ्याची तऱ्हा निराळी: तो १९५६ मध्ये नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याकडे गेला; नांदेडचा भाग म्हणून त्याचे आयुष्य तीन वर्षांचे. इकडे नांदेड जिल्ह्यात नांदेड, हदगाव, किनवट, भोकर, बिलोली, देगलूर, मुखेड व कंधार असे आठ तालुके होते. त्यांचे आज सोळा झाले आहेत आणि पूर्वी भोकर तालुक्यात असलेली उमरी आता स्वतः तालुक्याचे गाव आहे.

या बदलांची नोंद गॅझेटियर घेत नाही असे नाही. प्रत्येक गॅझेटियरच्या पहिल्या प्रकरणात सीमांच्या फेरबदलांना एक परिच्छेद मिळतोच. आक्षेप असा की, तो परिच्छेद वाचून झाल्यावर पुढील शेकडो पाने तो लिहिलाच नव्हता अशा रीतीने चालतात. १९७१ च्या ग्रंथाची रचना राज्यातील इतर जिल्ह्यांच्या गॅझेटियरांसारखीच आहे: आरंभी भूवर्णन, मग इतिहास, लोक, शेती, उद्योग, व्यापार, दळणवळण, राज्यकारभाराची नाना खाती आणि सर्वांत शेवटी स्थळांचे प्रकरण. इतिहासाच्या प्रकरणात राजघराणी येतात, त्यांच्या लढाया येतात, मराठे-निजाम तह येतात. त्यांतील बहुतेक घडामोडी नांदेड जिल्ह्यात घडलेल्या नाहीत, त्या नांदेडवरून गेलेल्या आहेत. स्थळांच्या प्रकरणात गावे वर्णानुक्रमाने येतात. त्यामुळे भोकरचे शेजारी मुदखेड आणि किनवट राहत नाहीत; अक्षराने जे जवळ ते शेजारी होते. ज्याला तालुक्याची कचेरी आहे ते गाव कचेरीमुळे नोंदीत येते, आणि नोंदीत येते तेही कचेरी, शाळा, दवाखाना, पोलीस ठाणे, आठवड्याचा बाजार या क्रमाने. मधला पूल कोठेच नाही. मोठ्या इतिहासात गाव नाही आणि गावाच्या नोंदीत इतिहास नाही. नांदेड, कंधार, माहूर यांना हा पूल त्यांच्या वास्तूंनी मिळवून दिला. वास्तू नसलेल्या गावाला तो मिळत नाही. भोकरविषयी कोणी काही लिहिले नाही, याचे कारण तेथे काही घडले नाही असे समजले जाते. खरे कारण असे की, जे घडले ते लिहिण्यासाठी या साच्यात कप्पाच नव्हता.

उमरीचे उदाहरण येथे बोलके आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ रोजी स्वातंत्र्यसैनिकांनी उमरी येथील बँकेवर छापा घातला. गांधीजींची हत्या त्याच दिवशी झाली, हा योगायोग सर्वांच्या स्मरणात राहिला आहे. उमरी हे लोहमार्गावरचे व्यापारी गाव, म्हणून तेथे बँक. लढ्याची केंद्रे सरहद्दीबाहेर, वऱ्हाडात उमरखेडसारख्या ठिकाणी. म्हणजे या एका घटनेचा भूगोल समजून घ्यावयाचा तर वऱ्हाडातील सीमाकेंद्रे, गोदावरी खोऱ्यातून सिकंदराबादेकडे जाणारी लोहमार्गाची वाट आणि संस्थानी कापूस-धान्याची पेठ हे तीनही एका दृष्टिक्षेपात घ्यावे लागतात. गॅझेटियरच्या साच्यात ते तीन प्रकरणांत विखुरतात, आणि स्थळाच्या नोंदीत घटनेला दोन ओळी येतात. तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्याची अडचण तर आणखी विनोदी आहे. ही घटना कोणत्या तालुक्याची? जिल्ह्याच्या १९७१ मधील विभागणीप्रमाणे ती भोकरच्या प्रबंधात जाईल, आजच्या विभागणीप्रमाणे उमरीच्या. तारीख तीच, गाव तेच. बदलले ते तहसीलदाराच्या कार्यक्षेत्राचे पत्रक.

असाच गोंधळ 'भोकर' या नावाच्या तिसऱ्या अर्थाने होतो. महाराष्ट्रातील बहुसंख्य वाचकांना भोकर माहीत आहे ते विधानसभेचा मतदारसंघ म्हणून. मुख्यमंत्री असताना अशोकराव चव्हाण २००९ मध्ये येथूनच निवडून आले. २००८ च्या पुनर्रचनेनंतर या मतदारसंघात भोकरबरोबर मुदखेड व अर्धापूर हे तालुकेही येतात. गाव एक, तालुका दुसरा, मतदारसंघ तिसरा. तिघांचे क्षेत्र निरनिराळे आणि नाव एक. वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांतून सामग्री जमवणाऱ्याने हा भेद न पाळल्यास अर्धापूरची केळी भोकरच्या अर्थकारणात जमा होतात.

कारभाराची चौकट आणि गावाचा इतिहास यांची अशी गल्लत केवळ हैदराबादच्या वारशाने झाली असे नाही. आफ्रिकेच्या मध्यभागी, उबांगी नदीच्या काठी, फ्रेंचांनी १८८९ मध्ये बांगी येथे ठाणे वसवले आणि आज मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी असलेल्या त्या शहराचा जन्म त्या वर्षी झाला असे सांगण्याची रीत पडली. नदीकाठची वस्ती त्यापूर्वीही होती. पण तिला ठाणे नव्हते, म्हणून साल नव्हते. आतल्या मुलखातील कित्येक गावांची नावेच ठाण्याची नावे होती. लष्करी अधिकाऱ्याच्या किंवा प्रवाशाच्या नावापुढे 'फोर्ट' जोडून ती तयार केली जात. फोर्ट क्रांपेल पुढे कागा-बांदोरो झाले. शेजारच्या चाडमध्ये फोर्ट लामी हे १९७३ मध्ये एन्जामेना झाले. नाव बदलले तरी जिल्ह्यांच्या हद्दी आणि जन्मसाले पुष्कळ अंशी ठाण्यांचीच राहिली. भोकरच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये. भोकरपुढे त्याच आदिलाबाद फाट्यावर हिमायतनगर आहे. संस्थानी काळात आसफजाही राजपुत्राचे नाव मिळण्यापूर्वी ते वाढोणा होते, आणि गावात ते नाव अजून विसरलेले नाही. तेथे लोकांच्या जिभेने एक इतिहास जपला आहे आणि रेल्वेच्या पाटीने दुसरा.

गॅझेटियरच्या कोरडेपणाला कंटाळून गावोगावी जे लेखन झाले त्याचा दोष उलट दिशेचा आहे. स्मरणिका, गौरवग्रंथ, संस्थांचे रौप्यमहोत्सवी अंक यांतून गावाचे प्राचीनत्व सिद्ध करण्याची चढाओढ दिसते. नाव हा तेथे मुख्य पुरावा. भोकरसारख्या नावाबाबत हा मोह बळावणे स्वाभाविक आहे, कारण जालना जिल्ह्यातील भोकरदनचे प्राचीन नाव भोगवर्धन होते हे निश्चितपणे सिद्ध झालेले आहे: सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनचे दाते आहेत आणि भोकरदन येथील उत्खननाने त्या काळातील समृद्ध नगरी उजेडात आणली. दोन नावांची पहिली तीन अक्षरे सारखी म्हणून नांदेडकडील भोकरलाही भोगवर्धनाचा वारसा द्यावा, असे म्हणणाऱ्यास उत्तर एकच. भोकर नावाचे झाड आहे. त्याच्या फळांचे लोणचे घालतात. आणि वड, पिंपळ, उंबर, चिंच, बाभूळ यांवरून गावे वसलेल्या या मुलखात भोकरीवरून एखादे गाव वसले तर त्यात नवल काय? इतिहासाचार्य राजवाडे यांनी स्थलनामांच्या अभ्यासाला प्रतिष्ठा दिली, पण स्थलनाम हा पुरावा इतर पुराव्यांच्या संगतीत मोलाचा ठरतो. एकटा असताना तो फार तर अंदाज असतो. झाडावरून नाव पडल्याने गावाचे मोल कमी होत नाही. ते गाव शेतकऱ्यांनी वसवले, राजाने नव्हे, एवढे त्यातून सूचित होते, आणि ही सूचना गौरवग्रंथाला नको असली तरी इतिहासाला हवी आहे.

या दोन टोकांच्या तुलनेत गॅझेटियरचे गुण मान्य केलेच पाहिजेत. महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाची धुरा ज्या काळात सेतुमाधवराव पगडी यांच्याकडे होती, त्या काळात मराठवाड्याला एक असा संपादक लाभला की, ज्याचा जन्म निलंग्याचा, नोकरी हैदराबाद संस्थानाची, फारसी व उर्दू दप्तरांची ओळख प्रत्यक्ष आणि गोंडी भाषेचा अभ्यासही स्वतःचा. किनवट-आदिलाबादचा अरण्यप्रदेश आणि मोगल अखबार या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला अवगत असणे हा दुर्मीळ योग होय. त्या ग्रंथांतील राजकीय इतिहासाचा पाया म्हणूनच भक्कम आहे. अशा व्यासंगी माणसाच्या हाताखालूनही स्थळांचे प्रकरण जुन्या साच्यातून बाहेर पडू शकले नाही, यावरून साचा किती घट्ट होता हे कळते. तो साचा कॅम्बेलच्या काळापासून आलेला, आणि त्याचा मूळ हेतू नवा आलेला कलेक्टर आठ दिवसांत जिल्ह्याशी परिचित व्हावा हा होता. कलेक्टरला जिल्हा हा जुन्यापासून होता तसाच हवा असतो. इतिहासकाराला तो कधी आणि कसा झाला हे हवे असते. पहिल्याच्या गरजेसाठी बांधलेल्या कपाटात दुसऱ्याची सामग्री ठेवल्यास ती सापडेनाशी होते. चूक कपाटाची म्हणावी की ठेवणाऱ्याची, हा वाद विद्यापीठीय चर्चासत्रांपुरता ठीक आहे.

मग भोकरचा इतिहास लिहिणाऱ्याने काय हाती घ्यावे? तालुक्याच्या आजच्या नकाशाखेरीज दुसरे पुष्कळ आहे. मराठवाड्याच्या महसुली याद्यांत एकाच नावाची गावे वेगळी ओळखू यावीत म्हणून काही गावांच्या नावापुढे कंसात आद्याक्षरे येतात. त्यांत जुन्या परगण्याची खूण उरली आहे असे मानण्यास जागा आहे. बुद्रुक आणि खुर्द यांचा अर्थ विद्यार्थी सांगू शकतो. या आद्याक्षरांपुढे तो अडतो, कारण त्यांची चिकित्सा कोणी केलेली नाही. एखाद्या हिवाळ्यात दोन विद्यार्थ्यांनी नांदेड जिल्ह्याच्या गावयादीतील अशी सर्व नावे नकाशावर मांडली, तर तालुक्याच्या खाली दडलेला परगणा काही अंशी वर येईल. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट असा आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग हा दुसरा धागा. या मार्गाने अरण्याचा माल खाली आला आणि पेठेचा माल वर गेला. भोकर या मार्गावर आहे आणि उमरी-धर्माबाद दुसऱ्या मार्गावर, एवढ्या फरकाने दोन शेजारी गावांच्या पेठा निराळ्या का वाढल्या, याची तपासणी व्यापाऱ्यांच्या चोपड्या आणि रेल्वेची मालवाहतूक यांतून करता येण्याजोगी आहे. सोयरिकींची दिशा हा तिसरा. १९५६ पूर्वी भोकरच्या पंचक्रोशीतील मुली भैंसा-मुधोळकडे जात होत्या की हदगावकडे, आणि त्यानंतर काय झाले, हे आज नव्वदीच्या घरात असलेल्या स्त्रिया सांगू शकतात. त्यांना विचारण्याची मुदत फार उरलेली नाही.

कागदपत्रांची मुदत निराळ्या कारणाने संपत आली आहे. हैदराबाद संस्थानाचा कारभार आरंभी फारसीत व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले; गावपातळीवर मोडीचा वापर होता. शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातील निवडक दप्तरे हैदराबादच्या अभिलेखागाराने १९५० आणि १९५८ मध्ये छापून प्रसिद्ध केली आणि ती दक्षिणेच्या मोगल कारभाराची आहेत. नांदेडच्या बाजूने ती वाचणारे मराठी अभ्यासक बोटांवर मोजण्याइतके निघतील. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतील महसुली दप्तराची तर पहिली पायरीही चढलेली नाही. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले आणि नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत; या चार जिल्ह्यांतील कोणत्याही गावाचा १९४८ पूर्वीचा इतिहास उर्दू शिकस्ता लिपीवाचून लिहिता येत नाही. इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला मोडीचा वर्ग मिळण्याची शक्यता तरी आहे. शिकस्ता शिकवणारा वर्ग मात्र शोधावा लागतो. परिणामी प्रबंध गॅझेटियरवर उभे राहतात, आणि पुढचा प्रबंध मागच्या प्रबंधावर.

यात आणखी एक व्यावहारिक गोष्ट आहे. १९५६ मध्ये गावे हलली, त्यांचे आधीचे कागद हलले नाहीत. मुधोळ-भैंशाचा त्या सालापूर्वीचा कारभार नांदेड जिल्ह्याच्या नावाखाली आणि किनवट-इस्लापूरचा आदिलाबादच्या नावाखाली शोधावा लागतो. भोकरच्या भोवतालच्या एकेका गावासाठी ते त्या त्या काळी कोणत्या तालुक्यात, कोणत्या सर्कलात, दिवाणीत की जहागिरीत होते, हे आधी ठरवावे लागते. त्यानंतरच बस्ता मागता येतो. त्यातील पुष्कळसे बस्ते आज हैदराबादला, तेलंगण राज्याच्या अभिलेखागारात आहेत.